अवलंबी अपत्ये : करसवलत व अर्थसाहाय्य

ज्यांना स्वतःचे उत्पन्न नसते व ज्यांच्या अन्नवस्त्राचा, शिक्षणाचा आणि औषधोपचाराचा भार पालकांवर वा अन्य नातलगांवर असतो, अशा मुलामुलींना ‘अवलंबी अपत्ये’ म्हणतात. हा भार केवळ कुटुंबाचा नसून त्यात समाजाचाही वाटा आहे, हे तत्त्व आधुनिक राज्यसंस्थेने दोन मार्गांनी मान्य केले. पहिला मार्ग करसवलतीचा : अपत्ये असलेल्या करदात्याची कर देण्याची क्षमता तेवढ्याच उत्पन्नाच्या अपत्यहीन करदात्यापेक्षा कमी असते, म्हणून त्याच्याकडून कमी कर घ्यावयाचा. दुसरा मार्ग प्रत्यक्ष साहाय्याचा : ज्या कुटुंबाला मुलाचे संगोपन करणे शक्य नाही, त्याला शासकीय कोशातून रोख रक्कम, शुल्कमाफी अथवा वस्तुरूप मदत द्यावयाची. पहिल्या मार्गाचा लाभ कर भरणाऱ्यालाच होतो, दुसऱ्याचा बहुधा अत्यंत निर्धनालाच. या दोहोंच्या मधे पडणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांचे काय, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

महाराष्ट्रात या दोन्ही मार्गांच्या इतिहासाचा कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. भारतीय प्राप्तिकरात कुटुंबाच्या भाराचा विचार प्रथम समाविष्ट करणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे रोह्याचे, तर राज्यात निराधारांसाठी मासिक अनुदानाची योजना सुरू करणारे मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले हे याच जिल्ह्यातील आंबेतचे. शिवाय कुंडलिका नदीकाठच्या रोहा तालुक्यात भातशेती करणारे शेतकरी, धाटाव येथील औद्योगिक वसाहतीतील पगारदार आणि डोंगरउतारावरील वाड्यांत राहणारे कातकरी असे तीन भिन्न आर्थिक स्तर शेजारीशेजारी नांदतात. त्यामुळे एकाच धोरणाचे तिन्ही स्तरांवर होणारे परिणाम येथे एकत्र पाहावयास मिळतात.

पूर्वपीठिका : मराठी राज्यात मृत सेवकाच्या मुलांच्या पालनपोषणासाठी लावून दिलेल्या नेमणुकीस ‘बालपरवेशी’ म्हणत. फार्सी ‘परवरिश’ (पालनपोषण) या शब्दावरून ही संज्ञा आली आहे. अफझलखानाच्या स्वारीत (१६५९) जे लोक पडले, त्यांच्या मुलांना शिवाजी महाराजांनी सेवेत चालविले आणि ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांना निम्मे वेतन लावून दिले, असे सभासद बखरीत नमूद आहे. पेशवेकाळातही रणांगणावर कामी आलेल्या शिलेदारांच्या व किल्ल्यांवरील शिबंदीच्या कुटुंबांना अशा नेमणुका मिळत. तथापि बालपरवेशी हा मुलाचा हक्क नसून पित्याच्या सेवेचा मोबदला होता. सरकारी चाकरी नसलेल्या कुणब्याच्या वा कोळ्याच्या पोरक्या मुलाला तिचा आधार नव्हता. त्याचा सांभाळ भाऊबंद, जात आणि गाव यांच्यावरच असे.

इंग्रजी अंमलात (१८१८ नंतर) कोकणातील सामान्य रयतेचा राज्यसंस्थेशी येणारा मुख्य संबंध जमीनमहसुलाचा राहिला. साऱ्याची आकारणी जमिनीची प्रतवारी पाहून होई, खातेदाराच्या घरात खाणारी तोंडे किती हे पाहून होत नसे. पीक बुडाल्यास आणेवारी ठरवून सारातहकुबी वा सारामाफी मिळे, पण ती पिकाकडे पाहून. दोन मुले असलेल्या आणि सात मुले असलेल्या दोन शेतकऱ्यांच्या सारख्या खाचरांवर सारखाच सारा बसे. खोती गावांत कुळाला खोताचा हिस्सा प्रथम द्यावा लागे. १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन अधिनियमाने ही पद्धत कायद्याने संपुष्टात आणली, परंतु जमीनमहसुलात कुटुंबभाराचा विचार त्यानंतरही आला नाही. जमीनमहसूल हा मालमत्तेवरील कर असून व्यक्तीच्या करदानक्षमतेशी त्याचा थेट संबंध नसतो, हे याचे कारण होय. अवलंबी अपत्यांचा प्रश्न करव्यवस्थेत उपस्थित होण्यासाठी व्यक्तीच्या एकूण उत्पन्नावरील कर अस्तित्वात येणे आवश्यक होते. [⟶ जमीनमहसूल, खोती पद्धत].

प्राप्तिकर व कुटुंब : इंग्लंडमध्ये धाकट्या पिटने १७९९ मध्ये प्राप्तिकर सुरू केला, तेव्हाच त्यात अपत्यांसाठी सवलत होती. ती १८०६ मध्ये रद्द झाली. शतकानंतर, १९०९ च्या अर्थसंकल्पात लॉइड जॉर्ज यांनी ५०० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या करदात्यांना सोळा वर्षांखालील प्रत्येक अपत्यामागे १० पौंडांची वजावट पुन्हा दिली. अमेरिकेतही १९१७ मध्ये प्रत्येक अवलंबी व्यक्तीमागे २०० डॉलरांची सूट देण्यात आली.

हिंदुस्थानात जेम्स विल्सन यांनी १८५७ च्या उठावानंतरची तूट भरून काढण्यासाठी १८६० मध्ये प्राप्तिकर बसविला. वार्षिक २०० रुपयांहून कमी उत्पन्न त्यातून मुक्त होते, पण कुटुंबाच्या आकाराची दखल त्यात नव्हती. १८८६ च्या अधिनियमाने शेतीचे उत्पन्न करमुक्त ठरविले आणि हे तत्त्व पुढे कायम राहिले. त्यामुळे रोह्यासारख्या शेतीप्रधान तालुक्यातील बहुतेक कुटुंबे या कराच्या, आणि म्हणूनच त्यातील संभाव्य सवलतींच्याही, कक्षेबाहेर गेली. भारतीय कायद्याने कुटुंबाची दखल घेतली ती वेगळ्या प्रकारे. अविभक्त हिंदू कुटुंब हा स्वतंत्र करदाता मानून त्याला व्यक्तीपेक्षा अधिक करमुक्त मर्यादा देण्यात आली. १९५३-५४ मध्ये व्यक्तीची मर्यादा ४,२०० रुपये करण्यात आली, तेव्हा अविभक्त कुटुंबाची मर्यादा त्याच्या दुप्पट, म्हणजे ८,४०० रुपये झाली. ही सवलत सामाईक मिळकत असलेल्या घराण्यांना उपयोगी होती. शहरात वा कारखान्यात नोकरी करून बायकामुलांचा संसार चालविणाऱ्या पगारदाराला तिचा लाभ नव्हता, कारण त्याचे वेतन हे त्याचे वैयक्तिक उत्पन्न मानले जाई. [⟶ अविभक्त हिंदू कुटुंब, प्राप्तिकर].

चिंतामणराव देशमुख व कुटुंबभत्त्याचा आरंभ : चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६–२ ऑक्टोबर १९८२) यांचा जन्म महाडजवळील नाते येथे झाला. त्यांचे बालपण व प्रारंभीचे शिक्षण रोहे–तळे परिसरात झाले. भारतीय सनदी सेवेत प्रवेश केल्यानंतर ते १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० ते १९५६ या काळात ते केंद्रीय अर्थमंत्री होते आणि १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते.

त्यांनी १९५५-५६ चा अर्थसंकल्प मांडला, तेव्हा जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोगाचा अहवाल नुकताच आला होता. या अर्थसंकल्पात देशमुखांनी कुटुंबभत्त्याची योजना सुरू करण्याच्या हेतूने एक नवा प्रस्ताव मांडला. तोवर उत्पन्नाच्या पहिल्या १,५०० रुपयांच्या टप्प्यावर सर्वांनाच कर माफ होता. हा टप्पा विवाहितांसाठी २,००० रुपये करण्यात आला आणि अविवाहितांसाठी १,००० रुपयांवर आणण्यात आला. सारखे उत्पन्न असलेल्या दोन करदात्यांमध्ये केवळ कुटुंबस्थितीवरून भेद करण्याचा भारतीय प्राप्तिकरातील हा पहिला प्रसंग होय. विवाहितांना दिलेल्या सवलतीचा काही भार अविवाहितांवर टाकला जाईल, अशी या योजनेची रचना होती.

या सवलतीची व्याप्ती समजण्यासाठी करमुक्त मर्यादा आणि करमुक्त टप्पा यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. ४,२०० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीला मुळातच कर द्यावा लागत नसे. विवाहिताचा २,००० रुपयांचा टप्पा विचारात येई तो त्यापेक्षा अधिक उत्पन्न असणाऱ्यांच्या बाबतीत. त्या काळी देशातील दरडोई वार्षिक उत्पन्न अडीचशे ते पावणेतीनशे रुपयांच्या आसपास होते आणि प्राप्तिकर भरणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. रोहा तालुक्यात सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर व काही व्यापारी एवढ्यांनाच ही सवलत मिळण्याचा संभव होता. शिवाय सवलतीचा आधार विवाह हा होता, अपत्य नव्हे. पत्नीच्या भाराची नोंद झाली, मुलांची अद्याप झालेली नव्हती. असे असले, तरी कर ठरविताना माणसाबरोबर त्याच्या आश्रितांनाही मोजावे, हे तत्त्व देशमुखांच्या प्रस्तावाने कायद्यात आणले. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि योजनेचा पुढचा टप्पा त्यांच्या उत्तराधिकाऱ्याच्या हाती गेला.

अपत्यसवलत (१९५७–७०) : टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९५७-५८ मध्ये करमुक्त मर्यादा ४,२०० रुपयांवरून ३,००० रुपयांवर आणून कराचे जाळे विस्तृत केले. त्याबरोबरच विवाहित करदात्याला प्रत्येक अपत्यामागे ३०० रुपयांची अधिक सूट देण्यात आली, मात्र ती दोन अपत्यांपुरतीच मर्यादित होती. मर्यादा खाली आणल्यामुळे जे कनिष्ठ मध्यमवर्गीय प्रथमच करदाते झाले, त्यांच्यावरील बोजा अपत्यसवलतीने काहीसा हलका व्हावा, असा यामागील विचार होता.

दोन अपत्यांची ही मर्यादा उल्लेखनीय आहे. करदानक्षमतेच्या तत्त्वानुसार तिसऱ्या मुलाचाही खर्च पालकाला होतोच, तेव्हा त्याला वगळण्याचे करशास्त्रीय कारण नाही. कारण होते ते लोकसंख्याविषयक धोरणाचे. पहिल्या पंचवार्षिक योजनेपासूनच (१९५१–५६) भारताने कुटुंबनियोजनाचा पुरस्कार केला होता आणि करसवलत हे अधिक अपत्यांना दिलेले उत्तेजन ठरू नये, अशी दक्षता घेण्यात आली. याच काळात फ्रान्समध्ये अपत्यसंख्येनुसार वाढत जाणारी सवलत व भत्ता दिला जात होता, कारण त्या देशाला लोकसंख्यावाढ हवी होती. एकाच साधनाचा असा परस्परविरुद्ध हेतूंनी उपयोग झाला. भारतात अपत्य हे सवलतीचे कारण ठरले आणि त्याच वेळी तिच्या मर्यादेचेही कारण ठरले. ही दोन अपत्यांची अट पुढे बहुतेक सर्व योजनांत दिसते.

पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी अर्थखाते स्वतःकडे असताना मांडलेल्या १९७०-७१ च्या अर्थसंकल्पात करमुक्त मर्यादा सर्वांसाठी ५,००० रुपये करण्यात आली आणि विवाहित, अविवाहित, अपत्ययुक्त असे भेद संपले. हिशेब सुलभ झाला आणि लहान करदाते मोठ्या संख्येने करातून सुटले, त्यामुळे अपत्यसवलत गेल्याची झळ त्यांना जाणवली नाही. देशमुखांनी आरंभिलेली कुटुंबभत्त्याची कल्पना मात्र प्राप्तिकराच्या दरपत्रकातून पंधरा वर्षांतच बाहेर पडली.

ब्रिटनमधील घटनाक्रमाशी याची तुलना उद्‌बोधक आहे. बेव्हरिज अहवालानंतर (१९४२) तेथे १९४५ चा कुटुंबभत्ता अधिनियम झाला आणि १९४६ पासून दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक अपत्यामागे आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. हा भत्ता आईच्या हाती पडावा, यासाठी एलिनॉर रॅथबोन यांनी दीर्घकाळ लढा दिला होता. १९७७ ते १९७९ या काळात तेथील अपत्य-करसवलत टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आली, परंतु तिच्या व जुन्या भत्त्याच्या जागी पहिल्या अपत्यापासून सर्वांना मिळणारा बालभत्ता आला. कर न भरणाऱ्या पालकाच्या मुलालाही तो मिळू लागला. भारतात १९७० मध्ये करसवलत गेली, पण तिच्या जागी असा सार्वत्रिक भत्ता आला नाही.

१९७० नंतरच्या केंद्रीय सवलती : त्यानंतर प्राप्तिकरात अपत्यांना स्थान मिळाले ते विशिष्ट खर्चांच्या निमित्ताने. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाखाली मालकाकडून मिळणाऱ्या शिक्षणभत्त्यापैकी प्रत्येक अपत्यामागे दरमहा १०० रुपये व वसतिगृहभत्त्यापैकी ३०० रुपये दोन अपत्यांपुरते करमुक्त होते. दोन दशकांहून अधिक काळ या रकमा तशाच राहिल्या. २००५ मध्ये आलेल्या कलम ८०सी अन्वये दोन अपत्यांचे शाळा-महाविद्यालयातील शिक्षणशुल्क वजावटीस पात्र ठरले, परंतु भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विमा इत्यादींसह मिळून एकूण मर्यादा एक लाख रुपये होती. २०१४ मध्ये ती दीड लाख झाली. अपंग अवलंबी व्यक्तीच्या पालनपोषणासाठी कलम ८०डीडी अन्वये २०१५ च्या दुरुस्तीनंतर ७५,००० रुपयांची व तीव्र अपंगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची ठरावीक वजावट मिळू लागली. उलट दिशेने, १९९२ च्या वित्त अधिनियमाने अज्ञान अपत्याच्या नावे असलेल्या ठेवींचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळविण्याची तरतूद केली. अपत्याच्या नावाचा उपयोग कर चुकविण्यासाठी होऊ नये, हा तिचा उद्देश होय.

२०२० मध्ये कमी दराची पर्यायी करपद्धती आली व २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धती मानण्यात येऊ लागली. ती स्वीकारणाऱ्याला शिक्षणशुल्काची किंवा अपंग अवलंबी व्यक्तीसाठीची वरील वजावट मिळत नाही. तिच्या बदल्यात २०२५-२६ या वर्षासाठी बारा लाख रुपयांपर्यंतचे सर्वसाधारण उत्पन्न करसुटीद्वारे मुक्त झाले. १९७० मध्ये जे घडले, त्याचीच ही मोठ्या प्रमाणावरील पुनरावृत्ती होय : मर्यादा उंचावली आणि अपत्ये हिशेबातून वगळली गेली. सुस्थित पगारदाराचा यात बहुधा तोटा नाही. परंतु तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाचे बारा लाखांहून अधिक उत्पन्नाचे पालक आणि तितकेच उत्पन्न असलेली एकटी व्यक्ती यांच्यातील फरक नव्या पद्धतीत दिसेनासा झाला.

महाराष्ट्र राज्याचा व्यवसाय कर : राज्याच्या अखत्यारीतील करांपैकी अवलंबी अपत्याशी प्रत्यक्ष संबंध आलेला कर म्हणजे १९७५ च्या अधिनियमाने बसविलेला व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर होय. संविधानाच्या अनुच्छेद २७६ अन्वये अशा कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. पगारदाराच्या वेतनातून कापला जाणारा हा कर सर्वांना परिचित आहे, पण त्यातील सूट तितकी परिचित नाही. अधिनियमाच्या कलम २७अ अन्वये मतिमंद व्यक्तीचे पालक अथवा रक्षक आणि कायम शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलाचे पालक यांना या करातून पूर्ण मुक्ती आहे. तीसाठी शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र मालकाकडे सादर करावे लागते. कारखान्याचे लेखापाल सर्वांच्या वेतनातून सरसकट कपात करीत असल्याने जो मागेल त्यालाच ही सूट मिळते. वर्षाला २,५०० रुपये ही रक्कम अधिकाऱ्याला क्षुल्लक वाटली, तरी धाटावच्या एखाद्या कनिष्ठ कामगाराला ती मुलाच्या औषधासाठी वा उपचारार्थ मुंबईस जाण्यासाठी उपयोगी पडते.

या कराचे दुसरे वैशिष्ट्य त्याच्या विनियोगात आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेला पैसा पुरविण्याच्या हेतूने तो बसविण्यात आला. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आल्यावर व्यवसाय कराचे उत्पन्न आणि तितकीच राज्याची भर रोजगार हमी निधीत जमा होऊ लागली. शहरातील पगारदाराकडून घेतलेला पैसा ग्रामीण मजुराच्या घरी मजुरीच्या रूपाने पोहोचला. कामावर आलेल्या स्त्रियांच्या लहान मुलांसाठी पाळणाघराची तरतूदही योजनेत होती. अपत्याच्या नावे नसली, तरी ग्रामीण महाराष्ट्रातील मुलांच्या पोटात दोन घास घालणारी ही व्यवस्था होती. [⟶ रोजगार हमी योजना].

शुल्कमाफी व निराधार अनुदान : कर न भरणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी राज्याने टाकलेले पहिले मोठे पाऊल शिक्षणशुल्काच्या माफीचे होते. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ मध्ये मुंबई राज्याने वार्षिक ९०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना जातिनिरपेक्ष शुल्कमाफी दिली. पुढे ही मर्यादा १,२०० रुपये झाली. ‘ई. बी. सी.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या सवलतीमुळे कोकणातील अनेक कुणबी, आगरी व माळी कुटुंबांतील पहिली पिढी माध्यमिक शाळेत पोहोचली. प्राप्तिकरातील ३०० रुपयांची अपत्यसवलत आणि ९०० रुपयांच्या मर्यादेची शुल्कमाफी ही जवळजवळ समकालीन धोरणे असून, एक वरच्या टोकाला व दुसरे खालच्या टोकाला लागू होते.

अब्दुल रहमान अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात (१९८०–८२) संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. अपंग, विधवा, दुर्धर रोगाने पीडित यांच्याबरोबरच अठरा वर्षांखालील अनाथ मुलांनाही तीत मासिक अनुदान मिळू लागले. २०१९ मध्ये अनुदान १,००० रुपये झाले, तेव्हा एक अपत्य असलेल्या विधवेस १,१०० व दोन अपत्ये असलेल्या विधवेस १,२०० रुपये ठरविण्यात आले. म्हणजे एका मुलाच्या संगोपनाची किंमत महिना १०० रुपये धरण्यात आली. २०२३ मध्ये अनुदान १,५०० रुपये झाले. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा मात्र दीर्घकाळ वार्षिक २१,००० रुपये राहिली. दिवसाला ती ५८ रुपयांहूनही कमी भरते, म्हणजे वर्षभर नियमित मजुरी मिळणारे कोणतेही कुटुंब नियमाप्रमाणे अपात्र ठरते.

आईवडिलांपैकी एक वा दोघे नसलेल्या, किंवा ज्यांचे पालक आजारपणामुळे अथवा अन्य संकटामुळे सांभाळ करू शकत नाहीत, अशा मुलांना संस्थेत न ठेवता कुटुंबातच वाढविता यावे, यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिचे मासिक साहाय्य ४२५ रुपयांवरून वाढत जाऊन २०२३ मध्ये २,२५० रुपये झाले व तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना २०१७ मध्ये प्रत्येक अपत्यामागे (दोन अपत्यांपर्यंत) मिळू लागलेला शिक्षणभत्ताही दरमहा २,२५० रुपयेच होता. रक्कम सारखी असली, तरी तिथवर जाण्याची वाट सारखी नाही. कर्मचाऱ्याला शाळेचा दाखला पुरतो, तर बालसंगोपनासाठी गृहचौकशी व बालकल्याण समितीचा आदेश लागतो. कोव्हिड-१९ च्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने २०२१ मध्ये पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचा निर्णय केला. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी ‘लेक लाडकी’ योजनेत पिवळी व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये देण्याची तरतूद झाली. तीतही कुटुंबनियोजनाची अट आहे.

मागणीची कार्यपद्धती व अडचणी : करसवलत असो वा अनुदान, ते आपोआप मिळत नाही. त्याची मागणी करावी लागते आणि मागणीला पुरावा लागतो. करदात्याचा पुरावा बहुधा त्याच्या हाताशी असतो : शाळेची शुल्कपावती, वैद्यकीय प्रमाणपत्र, वेतनपत्रक. निराधार अनुदानासाठी मात्र तहसील कार्यालयात अर्जासोबत वयाचा, रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, विधवेच्या बाबतीत पतीच्या मृत्यूची नोंद आणि तलाठ्याचा चौकशी अहवाल लागतो. त्यानंतर तालुका समितीपुढे प्रकरण येते. बालसंगोपनाचे प्रकरण अलिबागच्या जिल्हा कार्यालयापर्यंत जाते. एका फेरीत काम न झाल्यास मजुराचा प्रत्येक हेलपाट्यात एक दिवसाचा रोजगार बुडतो.

याची सर्वाधिक झळ कातकऱ्यांना लागते. महाराष्ट्रातील विशेष दुर्बल आदिम जमातींत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकऱ्यांची गणना होते. रोहा, पेण, सुधागड या तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे भातकापणी संपली की वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार नोंद जन्मस्थळी व्हावयास हवी. मूल भट्टीवर जन्मल्यास ती तेथे होत नाही व गावी परतल्यावर येथेही होत नाही. एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद करता येत नाही. पुढे जन्मदाखला नाही म्हणून जातीचा दाखला अडतो आणि वडील परमुलखात वारल्यास मृत्यूची नोंद नसल्याने आईचे विधवापण कागदोपत्री सिद्ध होत नाही. ज्या मुलासाठी योजना आखली, तेच मूल अशा रीतीने योजनेच्या दृष्टीने अस्तित्वात नसते. तालुक्यातील शिबिरांतून दाखले वाटण्याचे उपक्रम वेळोवेळी झाले आहेत. ते पावसाळ्यात, कुटुंबे वाडीवर असताना झाले तरच त्यांचा उपयोग होतो.

समालोचन : महाराष्ट्रातील अनुभव पाहता अवलंबी अपत्याला राज्याकडून मिळणारी मान्यता बहुतांशी पालकाच्या स्थितीवर अवलंबून राहिली आहे. मराठेशाहीत पिता स्वारीत पडलेला असावा लागे, १९५७ नंतर तो करदाता असावा लागे आणि १९८० नंतर आई निराधार असल्याचे सिद्ध व्हावे लागे. मूल आहे एवढ्यावरून मिळणारे साहाय्य मुख्यतः वस्तुरूप राहिले : १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवेतील अंगणवाडीचा आहार, लसीकरण आणि १९९५ पासूनचे शालेय पोषण आहाराचे धान्य व जेवण. वर उल्लेखिलेल्या साहाय्यप्रकारांत हेच सर्वांत कमी कागदपत्रांवर मिळते आणि म्हणूनच वाड्यावस्त्यांपर्यंत तुलनेने अधिक पोहोचले आहे.

करसवलत निरुपयोगी ठरली, असा याचा अर्थ नव्हे. समान उत्पन्नाच्या दोन कुटुंबांत न्याय करण्याचे ते साधन आहे व अपंग अपत्यांच्या पालकांच्या बाबतीत त्याची गरज कायम आहे. परंतु दारिद्र्य व समृद्धी यांतील अंतर तिने कमी होत नाही आणि ज्याचे उत्पन्न करपात्र नाही, त्याच्या मुलापर्यंत ती पोहोचतच नाही. निराधार अनुदान त्या मुलापर्यंत पोहोचू शकते, मात्र उत्पन्नाची मर्यादा आणि दाखल्यांची अट त्याच्या आड येते. करमर्यादेच्या खाली व निराधारतेच्या वर असलेली शेतकऱ्यांची, मजुरांची व लहान दुकानदारांची कुटुंबे या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर राहतात. देशमुखांनी १९५५ मध्ये ‘कुटुंबभत्ता’ या नावाने जे सुरू केले, ते या कुटुंबांपर्यंत नेण्याचे काम अपुरे राहिले आहे. जन्माची नोंद झाली की तिच्याच आधारे साहाय्य सुरू व्हावे, पालकाने दारोदार फिरून आपले दैन्य सिद्ध करण्याची गरज उरू नये, हा त्यापुढील स्वाभाविक टप्पा होय. [⟶ कुटुंबनियोजन; बालकल्याण; सामाजिक सुरक्षा].